बाभळीची साल आणि माझं भाषण

कुठल्याही झाडापाशी गेले की मामा आधी साल नखाने खरवडायचे, स्वतः हुंगायचे आणि मग समोरच्याच्या नाकाशी धरून विचारायचे, "काय म्हनतीय?" साल काय म्हणते ते मला कधीच कळलं नाही. मी बीडच्या कॉलेजात जंतुशास्त्र शिकवतो. मामा लिंबागणेशकडच्या एका वस्तीवर मेंढरं राखायचे. ते माझ्या नात्यातले नव्हते. सगळा गाव मामा म्हणायचा, म्हणून मीही.

मेंढीच्या खुरात जखम झाली की ते बाभळीच्या सालीच्या काढ्याने धुवायचे. असे जाणकार तुम्हीही पाहिले असतील. डॉक्टरचं नाव काढलं की भडकतात. मामा तसले नव्हते. काढा झाला की जनावरांच्या डॉक्टरची इंजेक्शनंही पुरी करायला लावायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "एका बैलानं औत चालत न्हाई."

मी ती साल कॉलेजात नेली. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, वर औषध ठेवायचं. जंतू मेले की औषधाभोवती स्वच्छ कडं उमटतं. नुसत्या काढ्याचं कडं डोळे बारीक केल्यावर दिसलं. नुसत्या अँटिबायोटिकचं बरं होतं. दोन्ही एकत्र घातली तेव्हा मात्र सगळ्यांत रुंद कडं उमटलं. म्हणजे मामांचं औताचं गणित बरोबर होतं.

पुढे सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेने मामांचा सत्कार ठेवला आणि मला बोलायला बोलावलं. मी म्हणालो, "मामांच्या काढ्याने आमच्या प्रयोगशाळेत जंतू मेले!" टाळ्या पडल्या. अँटिबायोटिकचं वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते बोललो असतो तर टाळ्यांचा रंग उतरला असता. मी खाली बसलो. खांद्यावरची शाल सावरत मामा लाजून हसत होते.

उन्हाळ्यात मामांच्या टाचेत काटा मोडला. त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरने गोळ्या दिल्या. मामांनी त्या दोन दिवस घेतल्या, मग सोडून दिल्या आणि नुसत्या काढ्याने पाय धूत राहिले. मला कळलं तेव्हा ते दवाखान्यात होते आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला होता. मी रागावलोच. जनावराला सगळी इंजेक्शनं देणाऱ्या माणसाने स्वतःच्या गोळ्या सोडाव्यात?

मामांना माझ्या रागाचं नवल वाटलं. "तुमीच सांगितलंत की, सर. मला वाटायचं आपलं अडान्याचं काम, म्हनून गोळीचा आधार लागतो. तुमी शिकलेले. तुमी म्हनलात काढ्यानं मरतेत, मग गोळी कशाला?"

'एकट्या काढ्याने' असं मी म्हणालो नव्हतो. पण एकट्याने नाही, असंही म्हणालो नव्हतो. तेव्हा तरी त्यांना खरं सांगायला हवं होतं. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत बसलो. आठ दिवसांनी मामा गेले.

दहाव्याला वस्तीवर गेलो. मामी चहा घेऊन आली, शेजारी टेकली आणि म्हणाली, "सर, तुमच्या त्या बशीत किडे खरंच मेलते?"

"हो, मामी."

"मग ह्यांच्या पायातले कावून न्हाई मेले?"

उत्तर मला पाठ होतं. वर्गात दरवर्षी शिकवतो. मी म्हणालो, "मामांचं वय झालं होतं."

"हां, ते बी हाय," मामी म्हणाली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.