सत्तावीस नंबरची प्लेट

चाचा डाव्या डोळ्याने मायक्रोस्कोपात बघत आणि उजवा टक्क उघडा ठेवत. तो डोळा आपल्यावर रोखलेला असे, पण त्याला आपण दिसत नसू. कोपरगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नवी लागले तेव्हा त्या डोळ्यासमोरून जायचीही मला भीती वाटे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेला माणूस, घरी करमेना म्हणून आमच्याकडे येई.

जंतू रंगवून बघायला त्यांचा सक्त विरोध. "मेलेल्याला हळद लावून काय कळनार?" जिवंत थेंब काचेवर घ्यायचा, कडेने व्हॅसलीन लावायचं, बल्बची ऊब द्यायची आणि गप बसायचं. पहिल्यांदा मला दिसलं तेव्हा अंगावर सरसरून काटा आला. तांदळाच्या कणीसारखा एक जंतू लांबला, कमरेत आवळत गेला आणि अर्ध्या तासात दोन झाले.

"यातली आई कोणती?" मी विचारलं.

"दोनी तीच. हितं मढं पडत न्हाई, पोरी. पडतं ते आपलं."

नमुन्यावर नाव लिहू देत नसत, फक्त नंबर. "नाव कळलं की डोळा खोटं बोलतो," म्हणायचे. ही शिस्त मला फार आवडायची.

मागच्या उन्हाळ्यात चाचा लंगडायला लागले. विचारलं तर म्हणत, चप्पल चावली. त्याच आठवड्यात त्यांनी मला सत्तावीस नंबर दिला; शुगरवाल्या पेशंटच्या जखमेतला पू. दुसऱ्या दिवशी बघते तर जंतू वाढवायच्या प्लेटवर ठेवलेल्या प्रत्येक औषधाच्या कागदी टिकलीला भिडून ते वाढलेले. मी आपली हुशारी दाखवत म्हणाले, "चाचा, सत्तावीसला एकही औषध लागू नाही. फार उशीर केला बाबाने. हा काही वाचत नाही."

"व्हय? मंग त्याच्या घरी सांगाया पायजे," ते शांतपणे म्हणाले. रजिस्टर ओढून त्यांनी सत्तावीससमोर स्वतःचं नाव लिहिलं.

जीभ झडली असती तर बरं, असं झालं. चाचा मात्र तोच थेंब घेऊन मायक्रोस्कोपाशी बसले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माज्याच पायात वाढले, अन् मला वळकत बी न्हाईत."

त्यांच्या मुलाने त्यांना त्याच दिवशी नगरला नेलं. पाय कापला, पण विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टरांनी आणखी एका नव्या औषधाची तपासणी मागवली, म्हणून मी सत्तावीसची पुन्हा प्लेट लावली. त्या औषधावर माझी सगळी आशा होती. पहाटेच चाचा गेल्याचा फोन आला.

बायका कबरस्तानात जात नाहीत. चाचींजवळ बसून मी दुपारी लॅबवर आले. प्लेट उघडली, तर नव्या टिकलीलाही भिडून सगळं वाढलेलं. एक थेंब काचेखाली घेतला. तिकडे चाचांना माती देत असतील, आणि इथे एक लांबला, आवळला, दोन झाले.

काम झालेली प्लेट वाफेच्या डब्यात घालून मारायची असते. त्या जंतूंचा मला इतका राग होता की बोलायची सोय नाही. माझा माणूस खाल्ला त्यांनी. तरी डब्याचं झाकण लावायला हात होईना. चाचांच्या अंगातलं जिवंत असं आता तेवढंच उरलं होतं.