मिठाचा दाणा

आमच्या जुन्या दगडी शाळेचं विज्ञान संग्रहालय केलं, हे ऐकून माझं डोकंच फिरलं होतं. मी तिथेच शिकले, म्हणून आज धाटावच्या कंपनीत लॅबला आहे. तरी सुट्टी काढून पेणला गेले, नावं ठेवायलाच म्हणा ना. आईला सोबत नेलं. तिला एकदा तरी त्या दारातून आत न्यायचंच होतं मला.

आईचा जन्म गेला खाडीकाठच्या मिठागरात. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. मला सोडायला यायची ती पायरीपर्यंत. गॅदरिंग असो, निकाल असो, ती आपली पायरीवरच. परवाही तिथेच बसकण मारली.

"तू जा गो. मी हाय हितं."

"आये, आता शाळा नाय ती! मास्तर नाय, कोण तुला पाढे विचारत नाय. ऊठ!" मी ओरडलेच.

ती हसली आणि चपला हातात घेऊन आत आली.

आमच्या सातवीच्या वर्गात एका टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, बाजूला बशी, आणि समोर पडद्यावर बशीतलंच काहीतरी मोठं करून दाखवलेलं.

"बर्फी हाय का गो?"

"मीठ आहे, मावशी," तिथली मुलगी म्हणाली.

"चल, कायतरीच!" आईनं सरळ बशीत बोट घातलं आणि जिभेला लावलं. मी कपाळावर हात मारला.

"खारा हाय," ती हळूच म्हणाली आणि भिंगावर वाकली.

मग मीही पडद्याकडे नीट पाहिलं. चौकोनी दाणे, कडा सरळ, चौकोनात पुन्हा चौकोन. अरे देवा! लॅबमध्ये रोज मीठ तोलते मी, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी. आईनं जन्मभर डोक्यावरून वाहिलेल्या टोपल्यांत हे होतं, दाण्यादाण्यात.

"मिठागराच्या कप्प्यासारखाच हाय," आई म्हणाली. "आमाला बांध कसा घालायचा ता बापानं दावला. ह्याला कोनी दावला गो?"

उत्तर मला पाठ होतं. तरी मी पुन्हा पडद्याकडेच वळले.

मागे सहलीच्या मुलांची रांग वाढत चालली. मी तिचा पदर ओढला. "आये, चल आता. पोरं खोळंबलीत."

तिनं भिंगावरचा डोळा काढला नाही.

"खोळंबू दे. मी नाय खोळंबले भायेर, इतकी वरसं?"