ओडिलॉनचं नाक

झेन नदीच्या खोऱ्यात ओडिलॉनच्या नाकाला मोठा मान होता. तो स्वतः बिअर उकळत नसे. आसपासच्या भट्ट्यांवरून धान्य उकळून काढलेला ताजा रस आणून तळघरातल्या लाकडी पिंपांत मुरवायचा. अशी मुरलेली आंबट बिअर म्हणजे लँबिक. मग एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक एकत्र करून ते फेसाळ मिश्रण, म्हणजे ग्योझ, बाटल्यांत भरायचा. कोवळीत साखर उरलेली असते, फेस तिचा, चव जुनीची. कुठली किती घालायची याचं माप कुठे लिहिलेलं नसतं, कारण दोन पिंपं कधी सारखी निघत नाहीत. ते नाकानं ठरवायचं.

आणि ओडिलॉनचं नाक तर एकोणीस वर्षांपूर्वीच गेलं होतं. शिडीवरून पडून डोकं आपटलं, जखम भरली, वास काही परतला नाही. हे त्याची बायको लिओनी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांना कळलं तर एक बाटली खपणार नाही, असं म्हणून त्यानं तिच्याकडून शपथ घेतली. लग्नापासून पिंपं तीच घासत आली होती. आता पिंपाची खुंटी काढून वास घेणं, चव बघणं, माप ठरवणं, सगळं तिच्याकडे आलं. खानावळवाले आले की ग्लास नाकाशी ओडिलॉन धरायचा. लिओनीनं एप्रनला हात पुसले की तो मान डोलवायचा; हातांची घडी घालून उभी राहिली की कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "अजून अंगात कच्चेपणा आहे." लोक थक्क व्हायचे. तीही गंमत म्हणून हसायची, पहिली काही वर्षं.

जानेवारीत ओडिलॉन न्यूमोनियानं गेला. दफनानंतर आठवड्याभरात त्याचा धाकटा भाऊ रेमी, तळघराचा निम्मा मालक, पिंपं विकायची म्हणून आला. गिऱ्हाईक होतं एक कारखाना; तिथे लँबिकमध्ये साखर घालून ती लगेच विकत. आंबट आता कुणालाच नको, गोडाचे दिवस आहेत, असं रेमीचं म्हणणं. सोबत चौकातल्या खानावळीचा मालक फिर्मिन होता.

लिओनीनं शपथ मोडली. दोघांना सगळं सांगितलं.

"म्हणजे एकोणीस वर्षं सगळं गाव मूर्ख?" रेमी म्हणाला. "वहिनी, पिंप घासणं वेगळं आणि पिंप ओळखणं वेगळं."

"मग डोळे बांधा माझे."

बांधले. अकराच्या अकरा पिंपं तिनं वासावरून सांगितली. रेमी म्हणाला, रोज ज्यांच्यात वावरते ती ओळखणारच. मिश्रण जमतं का ते दाखव. मिश्रण कळायला बाटली वर्षभर आडवी ठेवावी लागते, हे तिघांनाही माहीत होतं. एक वर्ष थांबा, एवढंच तिनं मागितलं.

फिर्मिननं टोपी हातात फिरवली. "माझी ना नाही हो वहिनी. पण वर्षभर कोण थांबतंय?"

रेमीनं सौदा केलाच; कारखान्याच्या गाड्या मार्चच्या शेवटी यायच्या होत्या. त्याआधी चार पिंपांतून काढून लिओनीनं एकटीनं मिश्रण केलं, तीनशे बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि ढिगावर खडूनं तारीख घातली. नंतर गाड्या आल्या आणि उरलेली लँबिक उपसून रिकामी पिंपंही घेऊन गेल्या.

पुढच्या वसंतात रेमीला बोलावून तिनं बाटल्या फिर्मिनकडे नेल्या. पांढरं चीज लावलेला ब्रेड आणि मुळ्याच्या चकत्या मांडून फिर्मिननं पहिली उघडली. फेस चढला आणि टिकला. त्यानं दोन घोट घेतले. रेमीनं ग्लास खाली ठेवून छातीवर क्रूसाची खूण केली.

"दादाचाच हात."

तारीख मार्चची आहे, तुझा दादा जानेवारीत गेला, असं लिओनी म्हणाली.

"मग माप लिहून ठेवलं असेल त्यानं," फिर्मिन म्हणाला. "चिठ्ठी शोधा, वहिनी. अशी चव वाया जायला नको."

"चिठ्ठी नाही. त्याला वास येत नव्हता."

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," फिर्मिन हळू आवाजात म्हणाला, आणि तिचाच ग्लास पुन्हा भरला.

लिओनीनं तो सावकाश संपवला. तीन वर्षांची जरा जास्त पडली होती. पुढच्या खेपेला कमी घालायची, असं तिच्या मनात आलं. आणि पुढची खेप नाही, हे त्याच्या मागोमाग.