धुतलेलं शेत

पाहुणा यायचा म्हटलं की अंगण झाडायचं, आणि शेताला मीठ फुटलं असेल तर तेही धुऊन काढायचं, ही मेक्सिकोतल्या मेहिकालीच्या खोऱ्यातली रीत. एर्मेलिंदा कोतानं ती पाळली आणि आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

नवरा गेल्यापासून ती एकटीच गहू करायची. वाळवंटातली जमीन, कालवा आहे म्हणून तिला शेत म्हणायचं. पण पाण्यामागोमाग खारही वर यायचा आणि सगळं रान पांढरंफटक पडायचं. अशा जमिनीत मीठ धुतलेलं पाणी खालून बाहेर काढणाऱ्या निचऱ्याच्या नळ्या फुकट टाकून द्यायची सरकारी योजना निघाली. नळ्या पडल्या तर गहू, नाहीतर शेती सोडायची, इतकं सरळ होतं.

साहेब पाहणीला येणार कळताच तिनं कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला गाठलं, पेरणीच्या पाण्याची पाळी आधीच मागून घेतली आणि शेत तुडुंब भरलं. मीठ खाली गेलं. माती काळीशार, बघत राहावी अशी.

इंजिनीअर अर्नुल्फो साहेब आले. बुटाला चिखल लागेल म्हणून बांधावरच थांबले आणि तिकडं बाईमाणसाला मानानं म्हणतात तशी 'दोन्या' म्हणून हाक मारली.

"दोन्या, मीठ कुठाय?"

"खाली गेलंय साहेब. तुम्ही यायचे म्हणून धुतलं."

"म्हणजे जमीन चांगलीच आहे की!"

"अहो, वरनं चांगली! जरा ऊन खाऊ द्या, मग बघा."

"मला आज दिसतं तेच मी लिहिणार."

घ्या! कप्पाळ फोडून घ्यायचं नाहीतर काय! तिनं अंड्यात परतलेलं वाळलं मांस मात्र साहेबांनी दोनदा मागून खाल्लं. आणि नळ्या कुणाला? शेजारच्या इलारियोला, ज्याच्या शेतात नुसतं रान माजलेलं. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

पुढच्या आठवड्यात साहेब परत हजर. बरोबर फोटोवाला आणि हा भलाथोरला फलक: सरकारी मदतीनं सुधारलेली जमीन. इलारियोचं शेत फोटोत फारच भिकार दिसत होतं म्हणे.

"दोन्या, हा फलक तुमच्या शेतात जरा उभा करू? फोटो काढून लगेच जातो."

"पुढच्या खेपेला नळ्यांसाठी माझं नाव घालाल ना?"

"घालतो की!"

म्हणून ती बिचारी केस विंचरून फलकाशेजारी उभी राहिली.

महिनाभरात खार वर आला. बोटभर वाढलेला गहू जागच्या जागी करपला. ती शहरात कचेरीत गेली.

"साहेब, आता या बघायला. हवं तेवढं मीठ आहे."

साहेबांनी तोच फोटो तिच्यापुढे सरकवला. "दोन्या, ह्या तुम्हीच ना? तुम्हाला मदत मिळालेली आहे. एका माणसाला दोनदा देता येत नाही."

"मला मिळाली? अहो, काय मिळालं मला?"

"सुधारलेली जमीन," साहेब म्हणाले, आणि हसलेसुद्धा नाहीत.

तिला शिसारी आली. त्याच्या टेबलाची, त्याच्या गुळगुळीत दाढीची, आणि सगळ्यात जास्त त्या फोटोत दात काढून उभ्या असलेल्या स्वतःची. थू! असल्या माणसांना आपण जेवू घातलं!

ती तडक कालव्यावर गेली. पाटकरी दार उचलत होता.

"माझी पाळी काढून टाक. दुसऱ्याला दे."

"काहीतरीच काय दोन्या! कुणाला देऊ?"

"इलारियोला दे," ती म्हणाली. "नुसत्या नळ्यांनी त्याचं काय व्हायचंय?"