दुपारची बाज

"बघ माय, हे पाय माझे न्हाईत," असं म्हणत मामा स्वतःची पोटरी मुठीत धरायचे. पोटरी मुठीत सहज मावायची. मग माझ्याकडे असं बघायचे, जणू मीच त्यांचे पाय बदलून ठेवलेत.

पेडगावात त्यांचं घर आमच्या शेजारी. गल्लीतल्या आम्ही सगळ्या सुना त्यांना मामा म्हणायचो. गोफण फिरवावी तर त्यांनीच. ज्वारी हुरड्यात आली की शेतात लाकडी मेढींवर बांधलेल्या माळ्यावर ते चढत आणि पाखरं हाकत. वय झालं तशी मुलानं कौतुकानं नवी बाज विणून आणली, लिंबाखाली टाकली आणि सांगितलं, "आता पडून ऱ्हायाचं." झालं! जाणारा-येणारा म्हणायचा, "पडा मामा, पडा." मामा दिवसभर घोरायचे, रात्रभर जागायचे आणि रात्री झोप येत नाही म्हणून सकाळी गल्लीला सांगत बसायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी बंद असली की परभणीहून झोपेच्या गोळ्याही यायच्या नाहीत. मग तर विचारूच नका.

असे म्हातारे तुम्हीही पाहिले असतील. आपणच मान देऊन देऊन त्यांना आडवं करतो.

एका पंगतीला मामा खाली बसले. जेवण झालं, पण उठता येईना. दोघांनी बगलेत हात घालून पोतं उचलावं तसं उचललं. मामा घरी आल्यावर मुलाला एवढंच म्हणाले, "औंदा माळ्यावर दुसरा गडी ठिव." ते ऐकून मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जाऊन त्यांची बाज भिंतीला उभी केली. त्यांची सून धावत आली.

"अवं अक्का, जित्या माणसाची बाज उभी करतेत का! मयतीला करतेत!"

"आन् मामा पडून पडून मरायलेत, ते चालतंय का तुला?"

मामा हसले. लय दिवसांनी हसले. "माय, तू सून न्हाईस, फौजदार हायस."

तेव्हापासून दुपारचं पडणं बंद. ओट्यावर बसायचं, उठायचं, परत बसायचं. कुणी हात द्यायचा नाही. शेंगा त्यांनीच फोडायच्या आणि खायच्याही त्यांनीच. आधी मला शिव्याच मिळाल्या. "घटकाभर पडू दे की गं, कैदाशिणी!" पण वरण-भाकरी जास्त जायला लागली. एका सकाळी सून कुरकुरली, "रातभर मामा घोरायले, आता आमालाच झोप न्हाई."

ज्वारी हुरड्यात आली तेव्हा आम्ही सगळे शेतात गेलो. मामांनी मेढीला हात घातला. मुलगा खाली हात पसरून उभा राहिला.

"हात लावशील तर पहिला गोटा तुलाच हाणीन," मामा म्हणाले.

एक पाय वर गेला, मग दुसरा. मध्येच थांबले. मांडी थरथरताना खालून दिसत होती. मी तोंड दुसरीकडे केलं. ते वर पोचल्याचं मला गोफणीच्या फटक्यावरून कळलं. ज्वारीतून पाखरांचा थवाच्या थवा उठला.

पुढच्या कितीतरी सुग्या त्यांनीच राखल्या. गेले ते तापानं. त्या दिवशीही स्वतः उठून, माठातलं पाणी पिऊन मग आडवे झाले. त्या साली माळा रिकामा होता, आणि चिमण्या कणसांवर निवांत बसून खात होत्या.