कापून पाहिलेली खात्री

'मला खात्री आहे' असं तुम्ही शेवटचं म्हणालात, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी नेमकं काय पाहिलं होतं?

हा प्रश्न माझा नाही, मंदामावशीचा आहे. बडोद्यात समा भागात ती आमच्या शेजारी राहायची. कोर्टात साक्षीदारांच्या मराठी जबान्या गुजरातीत करण्यात तिची सगळी नोकरी सरली होती. खंडेराव मार्केटात कलिंगडवाला म्हणे, "बेन, अंदरथी लालचोळ छे." मावशी म्हणे, "तारा पर भरोसो छे, भाई. हवे काप." म्हणजे, भरवसा आहे, आता काप. मग माझ्याकडे वळून, "कापायच्या आधी भरवसा, कापल्यावर खात्री."

"आणि ठाम?"

"ठाम म्हणजे कापूच न देणं. तू असतेस तशी."

दोन वर्षांपूर्वी भरदुपारी कुणीतरी आमच्या सोसायटीतला कडुलिंब तोडून नेला. मागच्या फाटकाची किल्ली वॉचमन रमणभाईंकडे असायची. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं : 'रमणभाईंनीच फाटक उघडलं, याची आम्हाला ठाम खात्री आहे.' गुजराती करून घ्यायला मावशीकडे गेले.

"उघडताना पाहिलंस?"

"किल्ली त्यांच्याकडेच असते ना."

"ते मला माहीत आहे. उघडताना पाहिलंस का?"

"मावशी, तिकडे झाड पडलंय आणि तू शब्द काय निवडत बसलीस?"

"झाड पडलं. आता माणूस पाडायला निघालीस, म्हणून निवडते."

तिने 'अमने लागे छे' लिहिलं, म्हणजे आम्हाला वाटतं. मी ते खोडून 'अमने खातरी छे' छापलं. आठवड्याभरात रमणभाईंना काढून टाकलं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "बेन, तमे जोयुं हतुं?" तुम्ही पाहिलं होतं?

मी तडक मावशीकडे गेले. "त्यांनी उघडलं नाही, याची तुला तरी खात्री होती का?"

"नाही गं. माझा त्यांच्यावर भरवसा होता. खात्री कुणालाच नव्हती. छापली मात्र तू."

या उन्हाळ्यात मावशी गेली. माझा गोंधळ अजून सुटलेला नाही. शंका काढत बसलं तर झाडं पडत राहतात, आणि ठाम उभं राहिलं तर रमणभाईंसारखा माणूस जातो. झाड तोडायचं ठरवलं कुणी, हे तर कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

त्या दुपारी तुम्ही तिथे असाल, तर मला कळवा. पण आधी एवढं सांगा, तुम्ही पाहिलंत, ऐकलंत, की तुम्हाला वाटतं? आणि रमणभाई कुठे भेटले, तर त्यांना सांगा, मी पाहिलं नव्हतं.