कॉलचं कुलूप

सत्तावन्नाव्या वर्षी माणसावर रेझ्युमे लिहायची पाळी यावी, ही थट्टाच. लिंडसे टलक एकतीस वर्षं वीजकेंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यांवर फिटर होता. केंद्र बंद पडलं, आठही धुराडी सुरुंग लावून पाडली, तरी सकाळी दार उघडलं की त्याची नजर आधी तिकडेच जायची. पट्टे कधीच भंगारात गेले होते, पण नळ घरघरला तरी भांडी घासणारे त्याचे हात जागच्या जागी थांबत.

चौदा अर्ज गेले, उत्तर एकाचंही नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर एक जागा निघाली होती. ती मिळाली नाही तर ही कोळसाखाणींची दरी सोडून लेकीकडे शहरात जाऊन पडायचं. म्हणून मंगळवारी तो मुकाट्याने वाचनालयात थुईसमोर बसला. गावात नवी आलेली ही तरुण बाई लोकांचे रेझ्युमे फुकट करून द्यायची.

"'मेहनती' काढून टाक," थुई म्हणाली. "सगळेच मेहनती असतात. काय काय केलंस ते सांग. कधी अपघात, ठपका?"

"नोंद नाही."

"अरे, मग हेच सगळ्यात वर!" तिने लगेच टाइप केलं : एकतीस वर्षांत सुरक्षानियमाचा एकही भंग नाही.

लिंडसेने खिशातलं लाल कुलूप चाचपलं.

दुरुस्तीला पट्ट्याखाली उतरणाऱ्याने पट्ट्याच्या बंद केलेल्या खटक्याला आपल्या नावाचं कुलूप लावायचं आणि वर आल्यावर ते आपणच काढायचं. एक जरी कुलूप लटकत असलं तरी पट्टा चालू होत नसे. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी लिंडसे आपलं कुलूप घरी विसरला.

"घे माझं," मुकादम कॉल ब्रॅनिगन म्हणाला होता. "मी काही आज खाली उतरत नाही. पण बोंबलू नकोस कुठे, नाहीतर दोघांनाही घरी बसवतील."

काम संपवून लिंडसे वर आला, सवयीने कुलूप काढलं आणि चहाला गेला. पण तो खाली असतानाच कॉल काहीतरी बघायला दुसऱ्या बाजूने खाली उतरला होता. खटक्याला आपलंच कुलूप लटकतंय, मग भीती कसली, असं त्याला वाटलं असणार. लिंडसेने चहाचा पहिला घोट घेतला आणि पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला.

चौकशीत कॉलचं कुलूप कुठेच सापडलं नाही. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू, असं लिहून फाइल बंद झाली. लिंडसे समोर बसून होता आणि त्याची जीभ उचलली नाही. भित्रा होता, दुसरं काय!

"आता तुझ्याबद्दल दोन शब्द सांगतील अशी दोन माणसं दे," थुई म्हणाली. "नाव आणि नंबर."

पहिलं नाव त्याने युनियनच्या सेक्रेटरीचं दिलं. दुसरं तोंडातून आपसूक आलं. पट्ट्यांवरचे सगळेच वर्षानुवर्षं तेच नाव देत आले होते. "कॉल ब्रॅनिगन." नंबरही तोंडपाठ. आपण काय बोललो ते त्याला कळलं तोवर थुईने स्पीकरवर फोन लावलाही होता. खात्री केल्याशिवाय ती कुठलाच नंबर लिहीत नसे.

"कॉलचा फोन. नॅरेल बोलतेय, त्याची बायको."

थुईने काम सांगितलं.

"कॉल जाऊन सहा वर्षं झाली गं. नंबर बंद करायला मन होत नाही. कुणासाठी हवं होतं?"

"लिंडसे टलक."

"आपला लिंडसे? मग मीच सांगते, घे लिहून. कॉल म्हणायचा, कुलपाच्या बाबतीत लिंडसेइतका काटेकोर माणूस दरीत नाही. आमचा धांदरट तसा असता, तर आज घरी असता."

लिंडसेने कुलूप काढून टेबलावर ठेवलं. त्यावर पांढऱ्या रंगात कॉलचं नाव होतं. थुईने ते वाचलं आणि तिचे हात थांबले.

"ती वरची ओळ खोड," तो म्हणाला.

"अरे, पण ही नोकरी..."

"खोड म्हटलं ना."

मग तो फोनकडे वाकला. "नॅरेल, मी लिंडसे. घरीच थांब. कॉलचं कुलूप घेऊन येतोय."



"कुठे होतं ते?" नॅरेलने विचारलं.

"माझ्याकडे," तो म्हणाला. "त्या दिवशी ते मीच काढलं."